जिप्सी आणि पापुशा

मराठी वाचकाला ‘जिप्सी’ हा शब्द भेटतो तो बहुधा मंगेश पाडगावकरांच्या कवितासंग्रहामुळे. तिथे ते घरात न रमणाऱ्या मनाचे नाव आहे. प्रत्यक्ष रोमा माणसांशी त्याचा संबंध नाही. हा अर्थ आपल्याकडे युरोपातून आला. पुश्किनच्या ‘जिप्सी’ काव्यातला आलेको शहराला विटून तांड्यात येतो, झेम्फिराबरोबर राहतो आणि शेवटी तिला व तिच्या प्रियकराला मारतो. मेरिमेची कार्मेन (1845) तशीच मरते. पुश्किन निदान म्हाताऱ्या बापाकरवी आलेकोला सुनावतो, की तुला स्वातंत्र्य हवे ते फक्त स्वतःपुरते. मेरिमेने मात्र पुढे कथेला एक प्रकरण जोडून रोमांच्या चालीरीती आणि भाषा सांगितली. नायिकेला पुरले न पुरले तोच लेखक शब्दसंग्रह उघडून बसतो!

त्या भाषेत पाण्याला ‘पानी’ आणि माणसाला ‘मानुश’ म्हणतात. हे वाचून भारतीय वाचक सुखावतो, आणि बहुधा तिथेच थांबतो. त्या भाषेत कोणी काय लिहिले, हे विचारायचे राहून जाते.

पोलंडमधल्या ब्रोनिस्वावा वाइसने लिहिले. तिचे तांड्यातले नाव पापुशा, म्हणजे बाहुली. लहानपणी चोरलेल्या कोंबड्या देऊन ती अक्षरे शिकली. व्होल्हिनियाच्या जंगलात जर्मन सैनिकांपासून लपून काढलेल्या 1943-44 च्या दिवसांवर तिची दीर्घ कविता आहे. पुश्किन-मेरिमेंकडे रानवाट ही मोकळीक. इथे रान म्हणजे भूक, थंडी, कुडकुडणारी पोरे. आकाशातल्या ताऱ्याला ती विनवते, की शत्रूचे डोळे दिपव, म्हणजे ज्यूंचे आणि आमचे मूल वाचेल. पण याच कवयित्रीला रानाची ओढही आहे. भीती आणि ओढ एकाच जागेची असणे, हे बाहेरून लिहिणाऱ्या एकालाही साधलेले नाही.

तिला पोलिश वाचकांपुढे आणले येझी फित्सोव्स्कीने. तो तांड्याबरोबर हिंडलेला, चांगला कवी, मनाने स्वच्छ. पण 1950 साली तिच्या कविता मासिकात आल्या त्या रोमांना एका जागी वसवण्याच्या सरकारी मोहिमेच्या काळात, आणि फित्सोव्स्की त्या मोहिमेच्या बाजूचा होता. तांड्याला वाटले, हिने आमचे गुपित गाज्यांना, म्हणजे परक्यांना, विकले. फित्सोव्स्कीचे पुस्तक थांबवावे म्हणून तिने वॉर्सात जाऊन विनवण्या केल्या. पुस्तक 1953 साली निघाले. समाजाने तिला अशुद्ध ठरवले. मनोरुग्णालय, मग दीर्घ मौन. 1987 साली ती वारली.

आता तिच्यावर सिनेमा आहे, लेख आहेत. माझी तक्रार अशी, की तिची शोकांतिका सगळे सांगतात, कविता थोडेच वाचतात. बहिष्कृत पापुशा ही नवी कार्मेनच होऊ पाहते आहे.

‘उपरा’ (1980) वाचलेल्याला हा फरक लगेच कळावा. लक्ष्मण माने यांच्या पुस्तकात गाढवावरचा संसार, टोपल्या, पोटाची आग आहे. भटकेपणाचे कौतुक नाही. पण मान्यांनी मराठीत लिहिले, मराठी वाचकासाठी, आपल्या हिशेबाने. पापुशाने पत्रांतून रोमानीत पाठवलेले कुठे छापायचे, हे फित्सोव्स्कीने ठरवले. मीही तिला अनुवादाच्या अनुवादातच वाचले आहे. मला आवडलेला तो तारा तिचा किती आणि फित्सोव्स्कीचा किती, हे मला सांगता येणार नाही.