एकच साक्षीदार: ‘द इनोसन्ट्स’मधला पुरावा

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरची तयारी करताय ना? मग एक जुना ब्लॅक अँड व्हाइट भुताचा सिनेमा सुचवते. जॅक क्लेटनचा ‘द इनोसन्ट्स’ (१९६१). हेन्री जेम्सच्या १८९८ सालच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या लघुकादंबरीवरून केलेला. (शेवट पुढे सांगणार आहे, आधीच बजावते.)

पुस्तकातली मुलगी वीस वर्षांची, गावातल्या पाद्र्याची लेक. पहिलीच नोकरी. ब्लाय नावाच्या आडबाजूच्या वाड्यात दोन अनाथ भावंडांना शिकवायचं. मुलांचा काका लंडनला. त्याची अट एकच: काहीही झालं तरी मला त्रास द्यायचा नाही. म्हणजे निरीक्षक नवखी, आणि वर कोणाला विचारायची सोय नाही. (गाइड भेटत नसलेल्यांना हे जास्त कळेल.) मग तिला मेलेली माणसं दिसायला लागतात. ती दिसतात हे कबूल करणारी तीच एकटी.

भुतं खरी की तिच्या मनातली? मनातली, असं एडमंड विल्सन या समीक्षकाने १९३४ मध्ये मांडलं. त्यावर हरकत आली ती पुराव्याचीच. क्विंट हा मेलेला नोकर तिने कधी पाहिलेला नव्हता. तरी तिने केलेल्या वर्णनावरून मिसेस ग्रोस, म्हणजे तिथली घर सांभाळणारी बाई, त्याला ओळखते. नुसत्या मनातला माणूस असा जुळेल कसा?

सिनेमाने नेमकी हीच जागा बदलली आहे. लपाछपीच्या खेळात ती माळ्यावर जाते आणि तिथे तिला क्विंटचा छोटा फोटो सापडतो. त्यानंतर तो खिडकीत दिसतो. आता वर्णन जुळलं तरी काय सिद्ध झालं? उत्तर आधीच पाहून घेतलेल्या निरीक्षकाची नोंद आहे ती. एका फोटोने भुतांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा ढिला केला. मला हा बदल जबरदस्त वाटतो.

पुढे उलट दिशेने एक बदल आहे. मिस जेसल, म्हणजे आधीची मेलेली शिक्षिका, वर्गात बसून रडताना दिसते आणि नाहीशी होते. मागे पाण्याचा एक थेंब उरतो. ही वस्तू आहे, आभास नाही! पण तो थेंब पाहते, त्याला बोट लावते तीही तीच. दुसऱ्या कोणी तपासलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. डेबोरा कर अप्रतिम काम करते, पण ती तेव्हा चाळिशीची होती. त्यामुळे मन मारून जगलेल्या प्रौढ बाईची गोष्ट जास्त दिसते. विशीतल्या मुलीची, पहिल्या नोकरीत आपल्याला जमत नाहीये हे कोणाला कळू नये म्हणून चाललेली धडपड मागे पडते. पुस्तकात मला भीती त्याचीच वाटली होती. कारण हे कोडं नुसतं डोक्याला खुराक नाही. मुलाने भूत पाहिल्याचं कबूल करावं म्हणून ती त्याच्या मागे लागते, आणि माइल्स तिच्या हातात मरतो.

बघताना कागद-पेन घेऊन बसा. प्रत्येक भुताच्या वेळी आधी काय दिसतं ते लिहा: भूत, की त्याला पाहून बदललेला तिचा चेहरा?