माझी हुकूमशाही

गाण्याचं परीक्षण सगळेच लिहितात. गाणं वाजवणाऱ्या प्लेअरचं कोणी लिहीत नाही. मी लिहायला बसलो, कारण उभ्या आयुष्यात माझं निमूट ऐकणारं घरात हे एवढंच.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरू लागला. माउस धरला की पडद्यावरचा बाण गड्ड्याच्या जत्रेत चुकलेल्या पोरासारखा भिरभिरायचा. गाणं थांबवायला दोन उभ्या रेघांवर नेम धरावा, तर दाबली जायची नेमकी फुली. अख्खा प्लेअरच गुल! शेवटी पुतण्याने लिनक्स टाकलं, एक काळी खिडकी उघडून दिली आणि म्हणाला, "काका, आता बोट दाखवायचं नाही. सांगायचं."

सांगायचं म्हणजे टाइप करायचं. त्यात एक बरं, चुकलेलं अक्षर खोडता येतं.

प्लेअर एमपीव्ही. 2000 साली निघालेल्या एमप्लेअरच्या घराण्यातला. याने वेगळी चूल मांडली ती 2012-13च्या सुमारास. आधी त्याचं नाव, मग फाइलचं नाव, की एंटर. बाकीची मर्जी दोन आडव्या रेघा देऊन कळवायची : डॅश डॅश स्टार्ट, डॅश डॅश स्पीड. सोलापुरात 'बे' लावल्याशिवाय हुकूम पुरा होत नाही. इथं 'बे'चं काम त्या रेघा करतात. स्पीड 0.8 केला तर गाणं सावकाश होतं, पण आवाज घोगरा होत नाही. आमचा टेपरेकॉर्डर सेल उतरले की बाईचा बुवा करायचा.

प्लेअरसीटीएल नावाचा आणखी एक प्रोग्रॅम आहे. तो म्हणजे गिरणीतला जॉबर. स्वतः एक सूर वाजवत नाही. नुसता फिरून 'चालू कर', 'थांब', 'पुढचं घे' एवढंच बजावतो. व्हीएलसी त्याचं ऐकतो. एमपीव्हीला ऐकायला लावायचं तर एक पुरवणी बसवावी लागली. हुकूम इंग्रजीतच, पण टोपणनाव देता येतं. आता मी दुसऱ्या खिडकीत 'थांब' लिहितो आणि गाणं थांबतं. 'बे' मनातल्या मनात म्हणतो.

दोष? आहेत. ताबेदार आहे, पण अक्कल गहाण ठेवलेला. 1983 साली टेप केलेली आईची कॅसेट पुतण्याने फाइल करून दिली होती. 'आईच्या ओव्या' असं नाव मी कौतुकानं घातलं. एंटर मारला तर उत्तर आलं : 'आईच्या' अशी फाइल नाही. लगेच दुसरं : 'ओव्या' अशीही नाही. मधे जागा सुटली की याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फायली! नाव अवतरणचिन्हांत घालायचं असतं, हे पुतण्याने फोनवर सांगेपर्यंत मी तसाच बसून होतो. नुसतं नाव चुकलं, हे त्याला नीट सांगता आलं असतं की नाही?

पण त्याच कॅसेटपायी मी याला पास करतो. तीस मिनिटांची बाजू, पहिली चौदा मिनिटं शेजारणींच्या गप्पा, मग आई. माउसने ओढत तिथं पोचणं म्हणजे निव्वळ मटका. हटकून शेवटच्या ओवीवर आदळायचो. आता स्टार्ट 14:05 लिहिलं, की पहिल्याच शब्दाला आई.

गेल्या आठवड्यात मी तो आकडा बदलून 13:50 केला. ओवीच्या आधी ती कोणालातरी "गॅस बारीक कर गं" म्हणते, ते कापलं जात होतं.