शिंगं घासणारा नायक

भुताखेतांच्या सिनेमांच्या वाटेला मी सहसा जात नाही. रामसे बंधूंनी लहानपणी जी करमणूक केली ती जन्माला पुरली. त्यामुळे २००४ च्या एप्रिलमध्ये ‘हेलबॉय’ लागला तेव्हा पोस्टरवरचा तो लालभडक, शेपटीवाला गडी पाहून मी सरळ पुढे निघून गेलो होतो. काही महिन्यांनी घरातल्या पोराने त्याची डीव्हीडी आणली. मी भाजी चिरता चिरता एक डोळा टीव्हीवर ठेवला आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं, सुरी केव्हाच खाली ठेवली आहे.

कथा वरवर पाहता अगदी बाळबोध. १९४४ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ नाझींच्या मदतीने रासपुतिन (हो, तोच, रशियाच्या झारच्या दरबारातला) पाताळाचं दार उघडतो. अमेरिकन सैनिक डाव उधळतात, पण तेवढ्यात पलीकडून एक पिल्लू अलीकडे येऊन पडतं. लाल कातडी, शेपटी, शिंगं आणि उजवा हात दगडाचा. सैनिक बंदुका रोखतात. त्यांच्याबरोबरचे प्राध्यापक ब्रूम मात्र चॉकलेट पुढे करतात आणि थोड्या वेळाने त्याला कवेत घेतात. प्राध्यापकाला मूल होतं ते असं.

साठ वर्षांनंतर हा मुलगा अमेरिकन सरकारच्या एका गुप्त खात्यात नोकरीला आहे. भुतं, पिशाच्चं यांचा बंदोबस्त हे त्याचं काम. आणि खात्याची कचेरी कुठे, तर न्यूअर्क, न्यू जर्सी! बाहेर पाटी कचरा उचलणाऱ्या कंपनीची. आपल्यापैकी कित्येकांनी ज्या गावच्या विमानतळावर दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी घेऊन पहिलं पाऊल टाकलं, तिथेच जमिनीखाली हा बसला आहे म्हटल्यावर आपुलकी वाटणारच. (चित्रीकरण प्रत्यक्षात प्रागमध्ये झालं, हे नंतर कळलं. असो.)

माइक मिन्योला यांनी १९९४ मध्ये ही चित्रकथा सुरू केली. तिचा चित्रपट करणारे गिलेर्मो देल तोरो मूळचे मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराचे. स्टुडिओंना नायक म्हणून मोठ्या नावाचा नट हवा होता. देल तोरो रॉन पर्लमनसाठी अडून बसले, आणि त्या हट्टाचं चीज झालं. एवढ्या रंगरोगणाखाली दबूनही पर्लमनच्या डोळ्यांतला कंटाळा, चिडचिड, लाज सगळं पोचतं. साठ वर्षांचा असला तरी हेलबॉयची वाढ सावकाश, म्हणून मनाने तो विशीतला पोरगा. सिगार ओढतो, मांजरं पाळतो, टीव्ही बघतो, बापाशी भांडतो आणि तिजोरीसारखं दार असलेल्या खोलीतून पळून जातो. तो रोज शिंगंही घासतो. कपाळावर दोन चकत्या उरतात, चष्मा वर सरकवून ठेवल्यासारख्या. चारचौघांसारखं दिसावं म्हणून.

या चकत्यांपाशी मी अडखळलो. शाळेत जाताना डब्यातली पोळीभाजी नको, सँडविच दे म्हणणारी मुलं आपल्या घरांत वाढली आहेत. आपण स्वतः फोनवर नावाचे तुकडे करून सांगतो, तेही काही वेगळं नाही. हे सगळं शिंगं घासणंच. चित्रपट त्यावर भाषण देत नाही, नुसतं दाखवतो आणि पुढे जातो.

सर्वांत सुंदर प्रसंग मारामारीचा नाहीच. लिझ नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम आहे. (तिच्या अंगातून आग निघते, तेव्हा हे स्थळ तसं जोडीचंच.) ती नव्या, देखण्या सहकाऱ्याबरोबर कॉफी प्यायला जाते आणि हा एवढा धिप्पाड राक्षस इमारतींच्या गच्च्यांवरून त्यांच्यावर पाळत ठेवतो, वर त्या बिचाऱ्याला खडा मारतो. एका गच्चीवर एक लहान मुलगा भेटतो. तो याला न घाबरता दूध आणि बिस्किटं देतो, आणि तिला सरळ मनातलं सांगून टाक असा सल्लाही. आपण हसत असतो आणि तिकडे, मुलगा घराबाहेर असताना, म्हाताऱ्या ब्रूमवर मरण चालून आलेलं असतं. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे दृश्य बघताना काय होतं, ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. जॉन हर्टने हा बाप इतक्या हलक्या हाताने रंगवला आहे की तो गेल्यावर चित्रपट पोरका होतो.

आणि खरोखरच होतो. उत्तरार्ध विस्कटलेला आहे. सॅमाएल हा राक्षस एक मारला की दोन उठतात. रक्तबीजाची गोष्ट ऐकलेल्यांना त्यात नवल नाही, पण तीच झोंबाझोंबी तीनदा बघायची म्हणजे शिक्षा. प्रेक्षकाचा प्रतिनिधी म्हणून घेतलेला तो देखणा सहकारी तर नसता तरी चाललं असतं.

शेवटी रासपुतिन हेलबॉयला त्याचं ‘खरं’ कूळ सांगतो आणि शिंगं पूर्ण वाढीनिशी परत फुटतात. दगडी हात ही प्रलयाच्या कुलपाची किल्ली. आपल्याकडे प्रल्हाद असुराच्या पोटी येऊन बापाविरुद्ध उभा राहिला. इथे जन्माचं कूळ नाकारून मुलगा सांभाळणाऱ्या बापाचा होतो आणि स्वतःच्या हातांनी शिंगं मोडतो. टाळी घेणारा क्षण आहे, पण माझी तक्रारही इथेच आहे. रोज लाजेने शिंगं घासणं आणि निवड म्हणून ती मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी. दिग्दर्शकाने त्यांचं चित्र मात्र एकच काढलं. शिंगांसकट तो भला का असू शकत नाही?

देल तोरोंनाही हे खुपलं असावं. २००८ च्या दुसऱ्या भागात हेलबॉय उघडपणे लोकांसमोर येतो, एका तान्ह्या बाळाला वाचवतो आणि जमाव त्यालाच शिव्या घालतो. मग ‘द शेप ऑफ वॉटर’ (२०१७) मध्ये जलमानवाला रूप बदलावं लागत नाही, त्याच्यावर तसंच प्रेम केलं जातं. त्या चित्रपटाला २०१८ साली सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन अशी दोन्ही ऑस्कर मिळाली. ‘हेलबॉय’मध्ये एब हा मत्स्यमानव झालेला डग जोन्सच तिथे जलमानवाच्या कातडीत आहे. २०१९ साली दुसऱ्यांनी काढलेला नवा ‘हेलबॉय’ मात्र नुसताच रक्तबंबाळ, त्याच्या नादी लागू नका.

जुन्या ‘हेलबॉय’ची थोडी लांब, दिग्दर्शकाच्या पसंतीची आवृत्तीही निघाली आहे. मिळाली तर तीच बघा. अगदी लहान मुलांना दाखवू नये, सॅमाएल स्वप्नात येईल. दहावीबारावीतली मुलं घरात असतील तर त्यांच्याबरोबर बसा, गच्चीच्या प्रसंगाच्या वेळी भाजी चिरायला उठू नका.