तसबीर आणि फिरता पलंग

दिवसभर गाळ्यावर उभं राहून, हिशेब मिटवून तुम्ही इथं मार्केट यार्डात नाटक-सिनेमाची चर्चा ऐकायला बसलात, त्यामुळे आम्ही फार पाल्हाळ लावणार नाही. आज विषय थोडा चावट आहे. नवरा-बायको, परका पुरुष, परकी बाई, आणि चुकीच्या वेळी उघडणारं दार.

१९६८ साली ‘अ फ्ली इन हर इअर’ नावाचा इंग्रजी सिनेमा आला. मूळ नाटक जॉर्ज फेदो या फ्रेंच लेखकाचं, १९०७ चं. गोष्ट एवढीच, की नवऱ्याचे सस्पेंडर एका बदनाम हॉटेलातून टपालानं घरी येतात. त्यात नवरा अलीकडे शयनगृहात थंड पडलेला. बायको म्हणते, ठरलं, याचं बाहेर काहीतरी आहे. मग मैत्रिणीकडून खोटं प्रेमपत्र लिहून घेते, आणि मैत्रिणीचा तापट नवरा ते अक्षर ओळखतो. पुढं सगळे त्याच हॉटेलात. तिथं एक पलंग आहे, कळ दाबली की भिंतीसकट फिरतो आणि पलीकडच्या खोलीतला म्हातारा पलंगासह इकडे येतो. पोलीस आले तर सोय!

नाटक म्हणून हे घड्याळासारखं चालतं. सिनेमात मात्र चाललेलं नाही, असं आमचं मत. रेक्स हॅरिसननं नवरा आणि हॉटेलातला दारुडा नोकर अशा दोन्ही भूमिका केल्यात. पोशाख झकपक, पॅरिस देखणं. पण बघा, रंगमंचावर दाराच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस आपल्याला एकदम दिसतो. आता हा आत जाईल, आता मेला, म्हणून आपण आधीच हसायला लागतो. कॅमेरा आधी एकाला दाखवतो, मग दुसऱ्याला. मधल्या कापणीत हसू सांडतं. आणि जुन्या काळाचे झगे इतके सुंदर, की कुणाचा संसार मोडेल अशी भीतीच वाटत नाही. भीती नाही तर फार्स कसला?

आपल्याकडे हीच भीती गोविंद बल्लाळ देवलांनी फार नेमकी पकडली. ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे १८९३ चं गद्य नाटक. तेच पुढं पदं घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं, १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं आणलं. त्याच वर्षी देवल गेले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव. कथानक आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराचं, त्याच्यामागे मोलिएर, १६६०. म्हणजे माल पॅरिसहून निघाला, लंडनला उतरला आणि आपल्याकडे येऊन धोतर नेसला.

देवलांच्या नाटकात पलंग लागत नाही. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, तेवढं कृत्तिका बघते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर पडते, ती कृत्तिका उचलते, आणि तिच्या हातात ती फाल्गुनराव बघतो. झालं. दोघांकडे पुरावा आहे, दोघांचाही पुरावा खरा आहे, आणि दोघांचाही निष्कर्ष खोटा. इथं तुमच्याकडे वजनाबद्दल वाद झाला तर पोतं पुन्हा काट्यावर ठेवता येतं. तसबिरीला काटा कुठला आणायचा?

बायकोचा संशय नवऱ्याच्या संशयाइतकाच मोठा, तितकाच हास्यास्पद, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. त्या काळच्या रंगभूमीवर सोसणाऱ्या नायिका पुष्कळ. खुद्द देवलांची ‘शारदा’ बघा. कृत्तिका सोसत बसत नाही, पाळत ठेवते.

पण आता जरा अवघड जागेवर येतो. मोलिएरची नायिका बापाच्या घरातली मुलगी. देवलांनी रेवतीला कलावंतीण केलं. गाण्यासाठी ती सोय उत्तम. पण अश्विनशेट तिच्यावर संशय घेतो तेव्हा त्या संशयाला तसबिरीची गरजच उरत नाही. प्रेक्षकाच्या डोक्यात तो तिकीट काढतानाच असतो. फाल्गुनरावाचा संशय हा त्याच्या स्वभावाचा दोष. रेवतीवरचा संशय मात्र तिच्या जातकुळीच्या खात्यावर मांडला जातो. हसणं दोन्हीकडे सारखंच, वसुली एकीकडूनच.

फेदोकडेही हेच आहे. सगळे साहेब-मडमा शेवटी निर्दोष सुटतात. मग त्या हॉटेलात खरोखर परपुरुषाबरोबर गेलेली बाई कोण? घरातली स्वयंपाकीण! साहेबाच्या पुतण्याबरोबर. तिचा नवरा त्याच घरात नोकर. त्याला फोनवर खोटी साक्ष मिळते आणि विषय संपतो. मालकिणीच्या अब्रूसाठी तीन अंक, नोकराच्या अब्रूसाठी चार वाक्यं. (हशा) हसलात ना? आम्हीही हसलो होतो.

अलीकडे प्रशांत दामले, राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा आणलं, लोकांनी उचलून धरलं. पदांसाठी धरलं, फाल्गुनरावासाठी धरलं, ते योग्यच. शेवटी संशयाला थारा देऊ नका असा उपदेश गाण्यातून होतो, तो नवरा-बायकोला लागू पडतो. आमची कुठल्याही नव्या दिग्दर्शकाकडे मागणी एवढीच आहे: अश्विनशेट रेवतीशी समेट करायला येईल तेव्हा त्याला लगेच गाऊ देऊ नका. तिला त्याच्याकडे नुसतं बघू द्या, थिएटर अस्वस्थ होईपर्यंत.

बरं, मागच्या रांगेत हात वर आहे. माईक तिकडं द्या जरा.