‘तोळामासा’: एका शब्दाचे वजन

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या आजी म्हणाल्या, “आमची तब्येत म्हणजे तोळामासा.” नातीने विचारले, “यात मासा कुठून आला?” प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. माप व्यवहारातून गेल्यावर त्यावर बेतलेल्या शब्दाचा अर्थही निसटू लागतो.

हा मासा पाण्यातला नव्हे, सराफाच्या तराजूतला. ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा. आजच्या हिशेबाने मासा १ ग्रॅमहून किंचित कमी. १९५६च्या कायद्याने दशमान वजने आली. तोळा सोन्याच्या बोलीत टिकला, तोही पुष्कळदा १० ग्रॅमचा होऊन; मासा मात्र व्यवहारातून जवळजवळ गेला.

‘तोळामासा’ हा सर्रास ‘अशक्त’चा पर्याय मानला जातो. ते पटत नाही. ‘अशक्त’, ‘दुर्बल’ हे शब्द उणीव सांगतात. ‘रोडका’, ‘लुकडा’ हे दिसणे सांगतात. दुबळा-दुबळी-दुबळे अशी रूपे लिंगानुसार बदलतात. पण प्रकृती स्त्रीलिंगी असूनही ‘तोळामाशी’ होत नाही. विशेषणासारखा वापरला, तरी शब्दाने आपले मापपण सोडलेले नाही. शिवाय तो बहुधा माणसाला न लागता त्याच्या प्रकृतीला लागतो. अंगाने भरलेल्या माणसाचीही प्रकृती तोळामासा असू शकते: जरा गार वारा लागला, जेवणाची वेळ टळली, की पारडे झुकलेच. लहरी माणसाविषयी ‘क्षणात तोळा, क्षणात मासा’ म्हणतात, त्यातही हेच खालीवर होणे आहे. तेव्हा या शब्दाचा गाभा शक्तीचा अभाव नसून तोल नाजूक असणे हा आहे.

एक बोच मात्र राहते. सोन्याच्या वजनाचा हा शब्द बहुतेक जपल्या जाणाऱ्या देहांच्याच वाट्याला आला. बैल मरतुकडा असतो, हमाल रोडका. त्यांची प्रकृती तोळामासा असल्याचे सहसा कुणी म्हणत नाही. द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे रस्ते मिळतात. तिथून जाणारा माल टनांत मोजला जातो. तो चढवणाऱ्याच्या प्रकृतीसाठी आपल्या भाषेने एवढे बारीक माप काढलेले नाही.

म्हणून हा शब्द जुना झाला म्हणून टाकू नये, आणि ‘अशक्त’च्या जागी सरसकट बसवूही नये. आजींच्या बोलण्यात ‘मला जपा’ असे मागणे होते. ‘मी अशक्त आहे’ म्हटल्याने ते पोहोचले नसते.