नामका चूच्या काठचा जबाब

सध्या काय वाचता, हा प्रश्न दोन वाचणारी माणसे भेटली की निघतोच. कुणी कादंबरीचे नाव सांगतो, कुणी चरित्राचे, कुणी प्रवासवर्णनाचे. 'लढायांची पुस्तके वाचतो आहे' असे म्हटले की मात्र समोरच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी उमटते. शांतीची प्रार्थना म्हणणाऱ्या घरात हे वाचन कशाला, असा तिचा अर्थ असावा. शंका अगदीच अनाठायी नाही. युद्धेतिहासाच्या नावाखाली जे पुष्कळसे साहित्य छापले जाते ते एक तर शस्त्रास्त्रांची जंत्री असते, नाही तर पराक्रमाचे पोवाडे. ते वाचून मुलांना बंदुकांची नावे पाठ होतात आणि मोठ्यांची छाती फुगते. याहून अधिक काही साधत नाही.

तरीही मराठी वाचकाला लढाईचा इतिहास परका नाही. 'पानिपत झाले', 'संक्रांत कोसळली' हे शब्दप्रयोग आपण आजही घरगुती संकटांना वापरतो. बखरींनी ती गोडी लावली आणि विश्वास पाटलांच्या 'पानिपत' या १९८८ सालच्या कादंबरीने ती नव्या पिढीत पोहोचवली. परंतु भाऊसाहेबांच्या छावणीत दोन महिन्यांहून अधिक काळ रसद तुटली असता बाजारबुणग्यांनी, घोड्यांनी, बायकामुलांनी काय खाल्ले, हा प्रश्न आपण शौर्याच्या वर्णनाच्या मानाने फारच घाईने ओलांडतो. माझ्या मते युद्धाचे पुस्तक चांगले की वाईट, हे ओळखण्याची पहिली खूण येथेच आहे. ते नकाशावरून लिहिले आहे की चिखलातून?

ही कसोटी माझी स्वतःची नव्हे. जॉन कीगन यांच्या 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६) या ग्रंथाने ती अनेक वाचकांना दिली. सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात इतिहास शिकवणारा हा माणूस आरंभीच सांगून टाकतो की, मी कधी लढाईत गेलेलो नाही. मग तो १४१५ ची अॅजिनकोर्टची, १८१५ ची वॉटर्लूची आणि १९१६ ची सोमची, अशा तीन लढाया घेतो आणि विचारतो : रांगेत उभ्या असलेल्या सामान्य शिपायाला काय दिसले? जखमींना कोणी उचलले? शरण आलेल्याचे काय झाले? पळून न जाता तो उभा का राहिला? हे प्रश्न एकदा कानी पडले की, 'डाव्या बगलेने चढाई करून शत्रूची फळी मोडली' अशा वाक्यांवर पूर्वीइतका सहज विश्वास बसत नाही. बार्बरा टकमन यांचे 'द गन्स ऑफ ऑगस्ट' (१९६२) वाचनीयतेत याहून सरस आहे. पण ते मुख्यतः राजवाड्यांचे आणि सेनापतींचे पुस्तक आहे. अध्यक्ष केनेडी यांनी ते वाचले होते आणि ऑक्टोबर १९६२ मधील क्यूबाच्या पेचप्रसंगात ते त्यांच्या मनात होते, एवढी एक गोष्ट तरी त्याच्या पदरात घालायला हवी.

त्याच ऑक्टोबरात आपल्या हिमालयातही एक पुस्तक जन्म घेत होते. मुख्यतः त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांचे 'हिमालयन ब्लंडर' हे इंग्रजी पुस्तक मुंबईच्या थॅकर आणि कंपनीने १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. लेखकाच्या नावातच आपल्या वाचकांना थांबवील असे काही आहे. मात्र नावाच्या ओढीने ते हाती घेणाऱ्याला लवकरच कळते की, येथे कुणाचाही गौरव मांडलेला नाही.

दळवी हे सातव्या पायदळ ब्रिगेडचे प्रमुख होते. भूतानच्या पूर्वेला, तवांगच्या पलीकडे, थागला डोंगररांगेच्या पायथ्याशी नामका चू नावाची नदी वाहते. १९६२ च्या जूनमध्ये तेथे आपले ढोला ठाणे बसवण्यात आले. ८ सप्टेंबरला चिनी सैन्य थागला ओलांडून खाली आले. आणि त्यांना हुसकावून लावण्याचा हुकूम सुटला. हुकूम दिल्लीत सुटला, तो पाळावयाचा होता दहा हजार फुटांच्या वर. मोटाररस्ता कितीतरी मागे संपलेला. वर चढणारी माणसे उन्हाळी कपड्यांत, खिशात माणशी पन्नास काडतुसे. उरलेली भिस्त विमानातून टाकल्या जाणाऱ्या सामानावर, आणि त्यातले पुष्कळसे दऱ्याखोऱ्यांत नाहीसे होई. समोरच्या उंचीवरून शत्रूला आपली प्रत्येक हालचाल दिसत होती. लाकडी ओंडक्यांचे पूल राखत ब्रिगेड नदीकाठच्या खोलगट भागात मैलोगणती पसरून बसली होती. लष्करी शिक्षण नसलेल्या वाचकालाही ही जागा लढण्याची नव्हे, एवढे समजते. इतकी ती दळवींनी स्पष्ट उभी केली आहे.

पुस्तकाचे खरे सामर्थ्य या मधल्या प्रकरणांत आहे. येथे लेखक कारकुनाच्या काटेकोरपणाने हिशेब देतो. कोणती पलटण कोणत्या दिवशी कुठून निघाली, किती चालली, तिच्यापाशी काय होते आणि काय नव्हते, याची नोंद तो पानामागून पान करीत जातो. काही वाचकांना हे रूक्ष वाटेल. मला ते पुस्तकातील सर्वांत करुण लेखन वाटते. ज्या माणसाच्या हाताखालचे जवान गेले, तो त्यांच्या पांघरुणांची मोजदाद करतो. त्याला अश्रू ढाळण्यापेक्षा हेच करावेसे वाटले, याची खूण मनात राहते. २० ऑक्टोबरच्या पहाटे तोफांचा मारा सुरू झाला आणि काही तासांत ब्रिगेड ब्रिगेड म्हणून उरली नाही. एकट्या दुसऱ्या राजपूत पलटणीतील ५१३ जणांपैकी २८२ मारले गेले. स्वतः दळवी २२ ऑक्टोबरला चिन्यांच्या हाती सापडले आणि ४ मे १९६३ रोजी मायदेशी परतले.

एक प्रसंग मुद्दाम सांगितला पाहिजे. १० ऑक्टोबरला सेंगजाँग येथे पंजाब पलटणीच्या एका छोट्या तुकडीने कितीतरी पट मोठ्या शत्रूला तोंड दिले. तेथे पडलेल्या आपल्या जवानांना चिन्यांनी लष्करी इतमामाने पुरले, आणि मागे आलेल्यांनी ते डोळ्यांनी पाहिले. शत्रूविषयी चांगले लिहिणे १९६९ साली सोपे नव्हते. दळवींनी ही गोष्ट दडवली नाही, आणि तिच्यावर भाष्यही केले नाही.

मात्र पुस्तकाची सगळीच पाने या तोलाची नाहीत. प्रस्तावनेत ते सांगतात की, २१ नोव्हेंबर १९६२ च्या रात्री तिबेटातील बंदिवासात चिनी अधिकाऱ्याने उठवून युद्ध संपल्याची 'आनंदाची बातमी' दिली, आणि त्या रात्रीच सत्य सांगण्याचा निश्चय झाला. त्या रात्रीचा संताप पुढे सबंध पुस्तकभर पुरतो. क्वचित पुरून उरतो. चीनविषयक धोरणाची पूर्वपीठिका सांगणारी प्रकरणे लांबली आहेत. तेथे लेखक साक्षीदार राहत नाही, फिर्यादी वकील होतो. नेहरू, कृष्ण मेनन, जनरल कौल यांच्यावरील दोषारोप वारंवार त्याच शब्दांत येतात, आणि दहाव्या वेळी त्यांचा परिणाम पहिल्या वेळेपेक्षा कमी होतो. जे त्याने नदीकाठी पाहिले ते आपण निमूटपणे मानतो. जे दिल्लीत घडले असेल असे तो म्हणतो, तेथे मात्र दुसरी बाजू ऐकावीशी वाटते.

ती ऐकण्याची सोय आहे. लेफ्टनंट जनरल कौल यांचे 'द अनटोल्ड स्टोरी' १९६७ मध्ये, म्हणजे दळवींच्या आधी दोन वर्षे निघाले. ते स्वसमर्थन आहे आणि ते लपवण्याचा फारसा प्रयत्नही नाही. नेव्हिल मॅक्सवेल यांचे 'इंडियाज चायना वॉर' (१९७०) हे लंडनच्या 'टाइम्स'च्या दिल्लीतील प्रतिनिधीचे काम. युद्धाला भारताचेच धोरण कारणीभूत झाले, हा त्याचा निष्कर्ष अनेकांना मान्य नाही. मलाही तो एकांगी वाटतो. परंतु पराभवाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांच्या १९६३ च्या गुप्त अहवालापर्यंत मॅक्सवेल पोहोचले होते, आणि २०१४ मध्ये त्यांनी त्याचा काही भाग सर्वांसमोर ठेवला. सरकारने तो अद्यापही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. चौथे पुस्तक मेजर जनरल पलित यांचे, 'वॉर इन हाय हिमालय' (१९९१). पलित तेव्हा लष्करी कारवायांचे संचालक होते. त्यामुळे दळवींच्या पुस्तकात जे हुकूम दरीत येऊन पोहोचतात, ते कोणत्या खोलीतून निघाले, हे येथे दिसते. निवडायचीच झाली तर दळवींच्या जोडीला मी पलित निवडीन.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या सर्व पुस्तकांतून एकच गाठ पुन्हा पुन्हा हाताला लागते : हुकूम चुकीचा आहे हे ज्याला कळते, त्याने काय करावे? लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी पुरेशी रसद जमल्याशिवाय चढाई शक्य नाही, असे वरिष्ठांना लेखी कळवले. परिणाम असा की, त्या आघाडीची जबाबदारी त्यांच्याकडून काढून घेण्यात आली आणि नव्या कोअरचे प्रमुख म्हणून कौल आले. सेंगजाँगची चकमक स्वतः पाहिल्यावर कौल यांनाही परिस्थिती उमजली. ते दिल्लीला गेले. चढाई लांबणीवर पडली, पण ब्रिगेडला नदीकाठावरून मागे घेण्याचा निर्णय काही झाला नाही. १२ ऑक्टोबरला सिलोनला जाता जाता पंतप्रधानांनी वार्ताहरांना सांगितले की, आपला प्रदेश मुक्त करण्याच्या सूचना सैन्याला दिलेल्या आहेत. त्यानंतर मागे फिरा असे कोण म्हणणार? १९ ऑक्टोबरला, हल्ल्याच्या आदल्या दिवशी, दळवींनी विभागप्रमुखांकडे माघारीची परवानगी मागितली आणि जवानांची कत्तल पाहत बसण्यापेक्षा राजीनामा देण्याची तयारी दर्शवली. परवानगी आली नाही. ते तेथेच राहिले.

आपल्या वाचकांना आज्ञापालन आणि सद्सद्विवेक या दोन शब्दांची ओळख नव्याने करून द्यायला नको. प्रवचनांतून, मठवासी जीवनाच्या कथांतून ते आपण लहानपणापासून ऐकतो, आणि बहुधा दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात अशीच उदाहरणे आपल्यापुढे ठेवली जातात. दळवींच्या पुस्तकात ते एकमेकांसमोर उभे राहतात आणि तिसरे कुणी सोडवायला येत नाही. राजीनामा दहा दिवस आधी दिला असता तर? दुसरा कुणी ब्रिगेडियर आला असता, आणि जवान त्याच दरीत राहिले असते. न देता राहिले, तर ज्या हुकुमाला आपण मूर्खपणा म्हणतो तो आपल्याच तोंडून खाली जातो. वरिष्ठांपैकी कुणी वेळीच राजीनामा दिला नाही, हा दोष दळवी रागाने सांगतात. तोच गज ते स्वतःला लावतात काय? माझे उत्तर असे की, पूर्णपणे लावत नाहीत. पण लावण्यासाठी लागणारा सर्व पुरावा ते स्वतःच्या हाताने वाचकापुढे ठेवतात. कौल यांच्या पुस्तकात हे घडत नाही, आणि दोन पुस्तकांच्या योग्यतेतील अंतर मला येथे दिसते. एक लेखक वाचकाला निर्णय सांगतो. दुसरा रागाच्या भरात का होईना, त्याच्यावरच निर्णय करता येईल इतके सांगून जातो.

उणीव दाखवायची तर आणखी एक आहे आणि ती या चारही ग्रंथांत सारखीच आहे. त्या डोंगरांत राहणारी मोंपा माणसे, वाटाडे, हमाल यांना येथे जवळजवळ वाणी नाही. ते ओझे वाहताना दिसतात आणि वळणाआड जातात. खुद्द जनरल कौल यांना हाथुंगलाच्या चढणीवर एका तिबेटी हमालाने पाठीवर घेतल्याची नोंद आहे. त्या हमालाला त्या दिवशी काय वाटले असेल, हे जाणून घ्यायला कोणीच लेखक थांबलेला नाही. जवानांच्या घरांचेही तेच. स्त्रियांनी सांगितलेले युद्ध कसे असते, ते स्वेतलाना अलेक्सियेविच यांनी सोव्हिएत रशियातील महायुद्धात लढलेल्या स्त्रियांच्या तोंडून १९८५ मध्ये मांडले. १९६२ ला तसा लेखक अजून मिळायचा आहे.

यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण कौतुकाने म्हणतो. ते कौतुक योग्यच आहे. पण धावून जाण्याची वेळ का आली, हे वाचायचे तर दळवींना टाळता येत नाही. पॅरिशच्या ग्रंथालयात 'हिमालयन ब्लंडर' आणि 'वॉर इन हाय हिमालय' शेजारी शेजारी ठेवावीत. इंग्रजी सरळ आहे, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना अडचण येऊ नये. आरंभ मात्र पहिल्या पानापासून करण्याचा आग्रह नको. प्रस्तावना वाचावी, मग थेट नामका चूवर उतरावे. राजकारणाची प्रकरणे मागाहून वाचली तरी काही बिघडत नाही. जवळ एक नकाशा ठेवावा, आणि थागलाची उंची पेन्सिलीने लिहून ठेवावी.