उघडेपणाची किंमत

‘द रॉकर’ हा २००८ सालचा विनोदी चित्रपट आज फारसा कुणाच्या लक्षात नाही. तरीही मला तो अभ्यासण्याजोगा वाटतो, कारण तो फसावा असे वरकरणी काहीच नव्हते. ‘द ऑफिस’ मालिकेमुळे लोकप्रिय झालेला रेन विल्सन नायक. सोबत क्रिस्टिना ॲपलगेट, जेन लिंच, जेसन सुडेकिस, विल आर्नेट, ब्रॅडली कूपर आणि तेव्हा नवखी असलेली एमा स्टोन. दिग्दर्शक ‘द फुल मॉन्टी’वाला (१९९७) पीटर कटॅनिओ. एवढी मंडळी असून सुमारे दीड कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात एक कोटीही कमावले नाहीत. गल्ल्याचा हिशेब निर्मात्यांनी करावा. विनोद नेमका कुठे आटला, एवढाच माझा प्रश्न आहे.

कथेचे बीज अस्सल आहे. १९८६ साली क्लीव्हलँडच्या ‘व्हेसुव्हियस’ या रॉक बँडला मोठा करार मिळतो, पण ड्रमर फिशला वगळण्याच्या अटीवर. साथीदार ती मान्य करतात. ते जगप्रसिद्ध होतात. वीस वर्षांनी नोकरीही गमावलेला फिश बहिणीच्या घरी आश्रयाला येतो आणि भाच्याच्या शाळकरी बँडमध्ये ड्रम वाजवू लागतो.

हे वाचताना पीट बेस्ट आठवतो. ऑगस्ट १९६२मध्ये बीटल्सने त्याला काढले आणि रिंगो स्टारला घेतले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. हा पीट बेस्ट चित्रपटात खरोखरच क्षणभर दिसतो, बसथांब्यावर ‘रोलिंग स्टोन’ मासिक वाचत बसलेला. ज्याच्या जखमेवर गोष्ट उभी आहे, तो माणूस प्रत्यक्ष हजर आहे. पण जाणकारांना डोळा मिचकावण्यापलीकडे त्याचा उपयोग केलेला नाही.

उत्तर मात्र मला कटॅनिओचे दोन चित्रपट शेजारी ठेवल्यावर मिळाले. दोन्हींत पुरुष कपडे उतरवतात. ‘द फुल मॉन्टी’त शेफिल्डचे बेकार पोलाद कामगार पैशासाठी ते करायला निघतात. जेरल्डने नोकरी गेल्याचे सहा महिने बायकोपासून लपवले आहे. स्थूल डेव्ह शेडमध्ये बसून पोटाला प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळतो. आपण हसतो, पण काम गेलेल्या माणसाकडे विकण्यासारखे अंगच उरले आहे, हे विसरत नाही. तिथल्या उघडेपणाला किंमत मोजावी लागते.

‘द रॉकर’मध्ये फिश तळघरात उकडते म्हणून नागडा बसून सराव करतो. ते कॅमेऱ्यात टिपले जाते. ती चित्रफीत इंटरनेटवर पसरते, बँडचे नाव होते, करारही मिळतो. म्हणजे वीस वर्षे कुणी न ऐकलेल्या वादकाला जग आता पाहते, पण ऐकत तेव्हाही नाही. याहून बोचरा विनोद कोणता? चित्रपटाला मात्र तो दिसतच नाही. फिशला ना लाज वाटते, ना अपमान. तो पुन्हा धडपडतो, आपटतो, ओरडतो. विल्सन जीव तोडून काम करतो, पण त्याला वाजवायला दिलाय तो फक्त गोंगाट.

नटांचे बळ दिसते ते एकाच ठिकाणी. क्लीव्हलँडचेच असलेले ‘व्हेसुव्हियस’वाले यशानंतर खोट्या ब्रिटिश ढंगात बोलू लागतात. आर्नेट, कूपर आणि फ्रेड आर्मिसन यांची ही ऐट खरोखर हसवते, कारण त्या हेलात आपली माती विसरलेली माणसे ऐकू येतात. पण त्यांना मिळालेला वेळ अगदी तुटपुंजा. शेवटी तेच ध्वनिमुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलवताना पकडले जातात आणि फिशचा न्याय आयता होतो. त्यासाठी त्याला एक ठोकाही चांगला वाजवावा लागत नाही.

गुणी नट विनोद खुलवतात. त्याच्या बुडाशी काय हरवले आहे, हे संहितेलाच आधी ठाऊक असावे लागते. फिशचे काय हरवले, हे ‘द रॉकर’ने पहिल्या दहा मिनिटांत दाखवले आणि उरलेल्या वेळात तोच विसरून गेला.